घर रिकामं करून द्या

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावते. कुणाला खरंच दिसतंय आणि कोण अंदाजाने ठोकून देतंय, ते मला लगेच कळतं. म्हणून जे मी स्वतः पाहिलं नाही, ते पाहिलं असं इथे लिहिणार नाही.

पाहिलं तेवढंच सांगते. ऐकलं तेही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती, आणि मी आमच्या जुन्या फ्लॅटवर डिपॉझिट आणायला गेले होते. तिसरा मजला. लिफ्ट नाही.

तिथे मी आणि माझे बाबा, दोघंच राहायचो. आई मी कॉलेजात असतानाच गेली. मग बाबा बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण दवाखान्यातून घरी आणताना त्यांना खुर्चीत बसवून दोन माणसांनी उचलून वर चढवलं. बाबा सगळा वेळ डोळे मिटून होते. त्यानंतर त्यांनी पलंगावरून उतरायचं नावच सोडलं.

तळमजल्याचं घर शोधताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मिळालं, तेही दुकानाच्या जवळ. नव्या मालकीणबाईंनी अर्धं डिपॉझिट घेऊन किल्ली दिली. उरलेले पैसे सोमवारी, नाहीतर सामान उचला, असं स्पष्ट सांगितलं.

उरलेले पैसे म्हणजे जुन्या घराचं डिपॉझिट. दुसरे पैसे माझ्याकडे नव्हतेच.

त्यामुळे मी कुठेही बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. फरशी स्वतः घासली. खिळे काढून भोकं बुजवली. कपाट हलवलं, तेव्हा मात्र बोळातल्या भिंतीवर एक पट्टा दिसला. मांडीच्या उंचीवर, काळपट, ओशट. झोपायच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत, कपाटामागच्या भिंतीवरही सलग. म्हातारी माणसं भिंतीला हात लावत चालतात ना, तिथे पडतो तसा.

मी म्हटलं, बाबांचा असेल.

मग लक्षात आलं... चार वर्षं तिथे आमचं कपाट उभं होतं. भिंतीला अगदी चिकटून.

रंगारी बोलावला. त्याने दोन हात मारले. भिंत पांढरीशुभ्र झाली आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. मला तेव्हा वेळही नव्हता.

शनिवारी गेले तेव्हा अंधारून आलं होतं. आमचे दिवे आम्ही काढून नेले होते, त्यामुळे आत काळोख. मी मोबाईलचा टॉर्च लावला.

पट्टा परत आला होता.

बोट लावून पाहिलं. ओशट... आणि किंचित कोमट.

तेवढ्यात घरमालक आले. मवाळ माणूस. चार वर्षांत कधी आवाज चढवला नाही. पैशांचं पाकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात दिसत होतं, पण ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मी या म्हटलं, तरी आत येईनात.

त्यांनी विचारलं, सगळे निघाले का? मी म्हटलं, आम्ही दोघंच तर होतो. बाबा नव्या घरी आहेत, आत्या बसली आहे त्यांच्यापाशी. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं.

"सगळे निघाले?"

समोरचं दार उघडलं. समोरच्या काकू नव्यानेच राहायला आलेल्या, माणसं जोडायची भारी हौस. त्यांनी हसून मला विचारलं, आजींना नाही नेलं का अजून? दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, मी हात केला तर त्यांनीही केला.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, या दोघांचं आधीच ठरलंय. करारात दोन माणसं लिहिली होती. आता तिसरं माणूस दाखवायचं आणि पैसे कापायचे. तोंडाला पानं पुसायची ही नवीच तऱ्हा. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं. बाबांचं हाड, सोमवारची मुदत, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी माझा आवाज चिरकला.

घरमालक शांतपणे ऐकत होते.

"मी एक पैसाही कापणार नाही," ते म्हणाले. "घर रिकामं करून द्या आणि सगळे पैसे घेऊन जा."

"रिकामंच आहे."

"नाही हो."

आणि मग... आतून आवाज आला.

खर्रर्र.

थांबला.

पुन्हा... खर्रर्र. तळहाताची कोरडी कातडी भिंतीवरून ओढली जावी तसा. झोपायच्या खोलीकडून बोळात, बोळातून आमच्याकडे. चालताना कुणी दम खात होतं.

मी टॉर्च फिरवला. बोळात कुणी नव्हतं.

काकू मात्र जराही दचकल्या नाहीत. "ह्या बघा, आल्याच त्या," असं म्हणून त्या हसल्या. माझ्याकडे बघून नाही. माझ्या बाजूला, माझ्या कमरेपाशी बघून.

मी त्या बाजूला मान वळवली नाही. मला ती वळवताच येईना.

घरमालक अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी बोलावलं तर येत नाही. भाडेकरू तिला इथेच सोडून जातात. तुम्ही बोलवा."

काय बोलत होते देव जाणे. मला फक्त ते पाकीट दिसत होतं. एकदाची कटकट मिटू दे, हाच विचार. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"चला आजी," मी म्हटलं, जरा चिडूनच. "आमच्याकडे चला. तळमजला आहे, जिने नाहीत. बाबांनाही सोबत होईल."

आवाज थांबला.

घरमालक दारातून बाजूला सरकले. भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून. अरुंद जागेतून वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तसे. नजर खाली. थोडा वेळ गेला. मग त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

मी विचारलं, घर नाही का बघायचं?

ते म्हणाले, आता काय बघायचं. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांनी आत पाऊल टाकलं. नुसते खोलीच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. मी निघाले तेव्हा ते रडत होते, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. काळोख होता.

मला घाई होती. तरी जिना उतरताना मी प्रत्येक वळणावर थांबत होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पाय पुढे पडेनात. मागून कुणी म्हातारं माणूस येत असलं, की आपण थांबतो ना... तसं.

सोमवारी मी पैसे भरले. आत्या तिच्या घरी गेली. दिवसभर बाबांजवळ कुणीतरी हवं म्हणून मी एक नर्स ठेवली. ती एक दिवस आली आणि संध्याकाळी म्हणाली, तुमच्याकडे माणूस आहे की, मग मला कशाला बोलावता? मी विचारलं, कोण माणूस? तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

पूर्वी बाबा मला दर पाच मिनिटांनी हाक मारायचे. पाणी दे, उशी सरळ कर, पंखा कमी कर. आता मारत नाहीत. मी पाणी घेऊन गेले तर म्हणतात, राहू दे, दिलं.

एकदा मी धीर करून विचारलं. "बाबा, कोण असतं इथे? आई आहे का?"

"छे," बाबा हसले. "तुझी आई माझ्याशी इतकं गोड कधी बोलली?"

मीही हसले.

आणि बाबा चालायला लागले.

खोटं वाटेल, पण ज्या माणसाने पलंगावरून उतरायचं नाव सोडलं होतं, तो महिन्याभरात उभा राहिला. आधी वॉकर घेऊन. काल फिजिओथेरपिस्ट आले आणि त्यांनी वॉकर बाजूला काढून ठेवला. बाबा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. डावा हात हवेत, जरासा खाली... कुणा बुटक्या माणसाच्या खांद्यावर ठेवल्यासारखा.

फिजिओथेरपिस्टांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता. याच्यासाठीच तर मी एवढी जिवाची ओढाताण केली होती.

ते गेल्यावर मी बाबांच्या पायाशी बसले. म्हटलं, बाबा, तिला जायला सांगू का?

बाबांचं हसू गेलं. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणला. मी लहान असताना आई झोपलेली असली की ते असंच बोलायचे.

"ती जायचंच म्हणते आहे," ते म्हणाले. "रोज विचारते, तुम्हाला नीट चालता आलं की निघायचं ना?"

"कुठे?"

"ते सांगत नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

उद्यापासून बाबांना घराबाहेर, फाटकापर्यंत चालत न्यायचं ठरलं आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, आता थांबून चालणार नाही. नाही म्हणायला माझ्याकडे त्यांना पटेल असं एकही कारण नाही.

मी दुकानातून सुट्टी घेतली आहे. बाबांचा उजवा हात मी घट्ट धरणार आहे.