किल्लीवरचा शर्ट

ठेव बरं विश्वास, हिंमत असंल तर. एका शब्दावर जरी ठेवलास, तरी म्हातारीनं फसवलं म्हणून हसंन मी.

नाशकाची माणसं आमच्या धरणावर हवा खायला येतात. त्यांच्यासाठी दोन मजली बोट आणलीय. तिला क्रूझ म्हणायचं. बोट म्हटलं की चालवणाऱ्या रविराजचं नाक फुगतं. कालपरवापर्यंत सिन्नरला जीप हाकायचा मेला, समुद्र बघितला नाय, पण डोक्यावर कॅप्टनची टोपी!

मी आन माझा भाचा नवनाथ, आमच्या होडीतून तिला बर्फ आन पाण्याचे बॉक्स पोचवतो. तिच्या बुडाखालच्या, पाणी कापणाऱ्या पंख्यात जाळं गुतलं की नवनाथच बुडी मारतो. आमची एक रीत हाय. खाली जाणाऱ्यानं आपला शर्ट इंजिनाच्या किल्लीवर अडकवायचा. तो वर येऊन स्वतः काढीस्तोवर किल्लीला कुणी हात लावायचा नाय. वर बसणाऱ्याला मागचा पंखा दिसतोय कुठं?

नवनाथच्या आधी लहानू बुडी मारायचा. गेल्या साली त्याचा शर्ट ह्याच रविराजनं काढून फेकला. मासळीचा वास मारतो म्हणं, गिऱ्हाईक नाक मुरडतं. पंखा फिरला. लहानूचं जे सापडलं ते एका गाठोड्यात मावलं. पोलिसांनी कागदावर लिहिलं, दारू पिऊन बुडाला. त्यानं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता.

ह्या चैतात, भर दुपारी, परत जाळं गुतलं. नवनाथनं शर्ट अडकवला, विळा दातात धरला आन उतरला. मी होडीत, क्रूझच्या बुडाला चिकटून. वर गाणी चाललेली. डिझेलचा वास, कुजक्या शेवाळाचा वास. पाणी हिरवं, घट्ट. एक बुडबुडा नाय.

आन वरून शर्ट येऊन माझ्या मांडीवर पडला.

"रव्या! माणूस हाय खाली!"

वल्ह्यानं पत्रा बडवला मी. त्या गाण्यात कोण ऐकतंय?

इंजिन गुरगुरलं... पंखा नाय हलला. परत किल्ली फिरली. सगळी बोट थरथरली, दावं तोडायला म्हैस ओढती तशी. पंखा जागचा हलंना. काळा धूर निघाला आन इंजिन मेलं. गाणी थांबली.

मग नवनाथ वर आला. ओठ काळेनिळे.

"मावशे, आधी मला होडीत घे."

"लागलं का रं?"

"नाय... खाली एकजण हाय. दोन्ही हातांनी पंखा धरून बसलाय. म्हणला, तू जा, मी धरलाय."

"पाण्यात बोलला?"

"मला ऐकू आलं."

"तोंड बघितलं?"

"गढूळ होतं... एकच इचारलं त्यानं."

"काय?"

"वरचा टोपीवाला... कधी पाण्यात उतरतो का?"

रविराजला मी काय बी सांगितलं नाय. का सांगू? इंजिनाची बॅटरी गेली, म्हणला! काल दिवस मावळताना क्रूझच्या शिडीवर बसला होता, पाय पाण्यात सोडून, मोबाईल बघत. वारा पडलेला. सगळं धरण निपचित, त्याच्या टाचांपाशी तेवढं पाणी हलत होतं.

मी लांबून हात केला. त्यानं बी केला, येडं.

ऊठ. गोष्ट संपली, जा आता.