निळं मशीन आणि करडं मशीन

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या श्रावणातली. तेव्हा रत्नागिरीत झेरॉक्सची मशीनं बोटांवर मोजण्याइतकी होती. कंपनी कुठलीही असो, लोक आपले झेरॉक्सच म्हणत. आंबा बागायतदारांच्या संघाने असं एक मशीन घ्यायचं ठरवलं. सेक्रेटरी रावजीतात्यांनी दोन कंपन्यांची दोन मशीनं महिनाभर ट्रायलवर मागवली, एक निळं, एक करडं. मग टायपिस्ट राही भाटकरला बोलावून ते म्हणाले, "वापरणार तू. तेव्हा कुठलं घ्यायचं ते तूच लिहून दे. मी डोळे मिटून सही करीन."

राही चोवीस वर्षांची. ऑफिसात तिचं मत कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. त्या संध्याकाळी ती अर्धी वाट चालून गेली, तरी छत्री उघडायची राहिली होती.

करडं मशीन पहिल्या दिवसापासून मुकाट्याने चाललं. निळं मात्र चौथ्याच दिवशी अडलं. कागद आत जाई आणि चुरगळून बसे. कोल्हापूरला ट्रंककॉल लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, सावळा तरुण ऑफिसच्या पायरीवर येऊन उभा राहिला. आंबा घाटातला सगळा पाऊस अंगावर घेऊन आल्यासारखा निथळत होता, पण छातीशी धरलेली हत्यारांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तिला थेंब लागला नव्हता.

"अहो, तुम्ही पुरते भिजलात!" राही म्हणाली.

"माणूस वाळतोय की. हत्यारं गंजली म्हंजे पंचाईत." त्याने केस मागे सारले. "जोतिराम चौगुले, मेकॅनिक. पेशंट कुठं हाय?"

राहीला हसू आवरेना. चहापाणी आणि झाडलोट बघणाऱ्या येसूबाईंनी पुढे येऊन त्याच्या हातात पंचा कोंबला. "आधी पाय पुसा हो. लादी आत्ताच पुसलीय मी."

त्याने मशीन चालू करून दिलं. आठवड्याने ते पुन्हा बसलं. तो पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा… एका गुडघ्यावर बसून, कोपरापर्यंत हात आत घालून तो बोलत राही, आणि राहीचं टायपिंग हळूहळू थांबे.

"तुमच्या गावात मिठालासुद्धा घाम फुटतोय बघा. कागदाचं काय घेऊन बसलासा!"

"सवय होते."

"किती दिवसांत?"

"ते… येण्यावर आहे," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून घाईघाईने टाइपरायटरची पट्टी सरकवली.

एकदा त्याच्या नाकाला काळी पूड लागली. तिने रुमाल पुढे केला. तो रुमाल कोल्हापूरला गेला तो परत आलाच नाही, आणि तिनेही मागितला नाही.

"काय गो राही," येसूबाई कपबशा उचलताना म्हणाल्या, "मशीन बिघडलं की तुझा चेहरा कसा उजळतो!"

"काहीतरीच तुमचं!"

"माझं? बरं हो बाय, माझंच."

पण हसण्यावारी नेता येणार नाही असं एक झालंच. संगमेश्वरकडचे गंगाराम आजोबा कलमांच्या अर्जाला जोडायला सात-बाऱ्याची प्रत काढायला आले. करडं मशीन शेजारीच उभं होतं. तरी राहीने निळंच चालवून बघितलं. एकदा, दोनदा, पाचदा. आता चालेल, आता चालेल… प्रत शेवटी करड्यावर निघाली, तोवर आजोबांची गाडी गेली होती. ते व्हरांड्यातल्या बाकावर तीन तास बसून राहिले. जोतिराम त्याच दिवशी दुरुस्तीला आला होता. त्याने ते पाहिलं.

महिना संपत आला. शनिवारी तात्यांना कागद द्यायचा होता. करडं लिहिलं, की कोल्हापूरहून कुणी यायचं कारण उरत नव्हतं. निळं लिहिलं तर… निळं बिघडतच राहणार होतं.

शुक्रवारी जोतिराम शेवटच्या तपासणीला यायचा होता. गुरुवारी घरी जाताना राहीने कागदाचे गठ्ठे लोखंडी कपाटात ठेवले आणि आत साठ वॅटचा दिवा पेटता ठेवला. सकाळी ते कागद निळ्यात भरले. निळ्याने एका दमात पन्नास प्रती काढल्या.

"बघा! चाललं की नाही?" राही म्हणाली.

जोतिराम खूश झाला नाही. त्याने ट्रेमधला कोरा कागद उचलून हाताच्या पाठीला लावला.

"ह्यो कोरा कागद गरम कसा?"

राहीची नजर लोखंडी कपाटाकडे गेली.

"कपाटात दिवा लावलासा न्हवं?"

"लावला. काय बिघडलं?"

"पावसाचे चार महिने रोज लावणार?"

"लावीन."

"आणि तुम्ही रजेवर गेलासा म्हंजे? ते आजोबा परत बाकावर बसणार?" त्याने हळूच कागद खाली ठेवला. "आमचं मशीन वाईट न्हाई ओ. पण ते हितलं न्हाई. करडं लिवा."

"कंपनीत तुम्हाला बोलतील."

"बोलू द्यात."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. राहीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग तुम्ही… यायचे नाही?"

"मशीनसाठी न्हाई यायचो." स्वच्छ असलेला स्क्रूड्रायव्हर तो पुन्हा पुसत होता. "पण घरचा पत्ता सांगितलासा… तर आईला घिऊन येईन. चालंल?"

तिने ट्रेमधला एक कागद ओढला आणि पत्ता लिहिला. कागद अजून कोमट होता.

शनिवारी तात्यांनी चार ओळींचा अहवाल वाचून चष्म्यावरून पाहिलं. "करडं. बरं. पण निळ्याचा मेकॅनिक चांगला होता हो. ते नाही लिहिलंस?"

"ते वेगळं कळवीन, तात्या."

गणपती गेले तरी पत्र नाही. राहीने काही विचारलं नाही, येसूबाईंनीही चिडवलं नाही. आणि एका रविवारी जोतिराम आला. या खेपेला हातात पिशवीऐवजी गुळाची ढेप, आणि मागे नऊवारीतली आई. आईने राहीची पत्रिका मागितली. दुसऱ्या दिवशी राहीने तिची प्रत काढली, अर्थात करड्यावर.

"निघाली की झटक्यात!" शेजारी उभा जोतिराम म्हणाला. "आमच्यात अडकली असती."

पुढे निळं मशीन कोल्हापुरात एका शाळेत गेलं आणि तिथल्या त्यामानाने कोरड्या हवेत वर्षानुवर्षं निमूट चाललं. करड्याने संघात नऊ वर्षं काढली. गंगाराम आजोबांची कलमं लागली. त्यांची पहिली पेटी त्यांनी राहीलाच पाठवली. रावजीतात्या निवृत्त होईपर्यंत अहवाल राहीकडूनच लिहून घेत. येसूबाई लग्नात सगळ्यांच्या पुढे मिरवल्या आणि पंच्याऐंशी वर्षं जगल्या. जोतिरामने दोन वर्षांत नोकरी सोडून रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. राही संघातूनच निवृत्त झाली, हेडक्लार्क म्हणून. तो रुमाल तिला लग्नानंतर त्याच्या हत्यारांच्या पिशवीत सापडला, घडी न मोडलेला.

आता दोघंही सत्तरीकडे झुकली आहेत. पावसाळ्यात वर्तमानपत्र दमट येतं. जोतिराम ते चुलीजवळ धरून गरम करतो आणि चहाबरोबर तिच्या हातात देतो.

"तपासून घ्या, बाई," तो म्हणतो, "चाललं का?"

आणि राही ते आधी गालाला लावते, मग वाचते.