मागच्या खोलीत नेट येत नव्हतं

हसताय कशाला? नेटच्या डब्यात भूत नसतं, हे मलाही कळतं. चाळीस वर्षं तारांतच गेली माझी. आधी टेलिफोनच्या, मग या काचेच्या, फायबरच्या. मी भूत म्हणतच नाही. तारमास्तरच्या बाबतीत काय झालं तेवढं सांगतो, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. आणि तो मोबाइल पालथा घाल बघू जरा. डोळ्यांवर येतोय.

तारमास्तर आमच्याच ऑफिसातला. घरोघरी नेट जोडून द्यायचा. हाताला गुण होता, पण घाई फार. एका घरी त्यानं राउटर बसवला, तो पुढच्या दाराशी, टीव्हीच्या कपाटात. लांबट घर ते. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि पार मागे आणखी एक खोली. घरात मायलेकी दोघीच. लेक शाळेत गणित शिकवायची. तिनं विचारलं होतं, "मागच्या खोलीत येईल ना?" हा म्हणाला, "घरभर येईल, ताई." जेवायची वेळ झाली होती, वेळ मारून नेली आणि निघाला.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी रात्री सव्वाअकराला त्याच्या दारावर थाप पडली. बघतो तर त्या ताई. स्कूटर चालूच ठेवलेली.

"मागच्या खोलीत काहीच येत नाही हो," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता चला."

"सकाळी येतो की."

"सकाळी उपयोग नाही."

मग कळलं. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजनं टांगून मागच्या खोलीत निजवलेली. महिनाभर हलवायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि मोठा भाऊ परदेशात नोकरीला, त्याचं हृदयाचं ऑपरेशन त्याच रात्री. वाचेलच असं तिथलं कुणी म्हणत नव्हतं. आत नेण्याआधी पावणेदोनला नर्स व्हिडिओ कॉल लावून देणार होती. पाच मिनिटं. त्यांच्या गल्लीत मोबाइलला रेंज पहिल्यापासूनच नाही. जे काही होतं ते त्या नेटवर.

तारमास्तर पिशवी घेऊन मागे बसला.

घरी गेल्यावर त्यानं फोन हातात धरून खोल्या पालथ्या घातल्या. बैठकीत भरपूर, मधल्या खोलीत निम्मं, स्वयंपाकघरात एक रेघ. तिथं टाइल्सची भिंत, तिला टेकून फ्रिज आणि फ्रिजशेजारी लोखंडी कपाट. त्याच्यापलीकडे शून्य. लांब केबल टाकली असती तर प्रश्नच मिटला असता, पण ती ऑफिसात, ऑफिसला कुलूप, चावी साहेबांकडे आणि साहेब परगावी. पिशवीत एक रिपीटर निघाला, नेट पुढच्या खोलीत ढकलणारा छोटा डबा. तो ओट्यावरच्या बोर्डात लावला. फ्रिज ओढला. कपाट दोघांनी मिळून सरकवलं. मागच्या खोलीत एक रेघ आली, गेली, परत आली.

"एवढ्यावर होईल?" ताईंनी विचारलं.

या वेळी त्याला "होईल" म्हणवेना.

आई जागीच होती. केस विंचरून घेतलेले, चष्मा पुसून ठेवलेला. "लागला का रे?" तिनं त्याला दोनदा विचारलं. तो खाली मान घालून वायरी चाचपत राहिला.

एक पंचेचाळीसला फोन वाजला. ताईंनी तो आईच्या हातात दिला. पडद्यावर लेकाचा चेहरा आला आणि थिजला. "आई, मला आत..." एवढंच. मग नुसती खरखर. बंद झाला. परत वाजला. "आई, ऐकू..." परत बंद. तिसऱ्यांदा लागला तेव्हा आई पडद्याला बोट लावून म्हणत होती, "बोल ना रे. बोल ना."

ताई मागे वळल्या. "काहीतरी करा हो. पाया पडते तुमच्या."

तारमास्तर पुढे धावला. एक्स्टेंशन बोर्डासकट राउटर उचलला आणि चालूच्या चालू आत आणू लागला. मागची काचेची तार थोडी ढिली होती. मधल्या खोलीपर्यंत आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. आणखी हातभर हवी होती. त्यानं ओढली.

टिक.

एवढाच आवाज. राउटरवर लाल दिवा लागला. ही तार गाठ मारून जुळत नाही, तिला मशीन लागतं. मशीनही ऑफिसातच. तुटलेलं टोक मुठीत धरून तो तिथंच बसला. भिंतीवरच्या घड्याळात एक पन्नास.

"तुटली," तो म्हणाला.

ताई ओट्याला टेकल्या.



मग मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. "किती वाळलास रे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही आई. आता बरं वाटतंय. दुखत नाही काही."

पुरुषाचा आवाज. स्वच्छ. कुठं अडकत नव्हता.

ताई धावत आत गेल्या. तारमास्तर उठला. राउटरकडे पाहिलं. लाल. त्यानं बोर्डाचं बटण बंद केलं. राउटर विझला. रिपीटर उपटून काढला.

आवाज चालूच.

"धाकटीला जप, सोसायची सवय नाही तिला... तुलाच सांभाळायचंय."

तो दाराच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. आत अंधार. फोनचा उजेड आईच्या तोंडावर. ताई पायथ्याशी... तोंडावर हात.

"आई, दारामागे उभे आहेत ना, त्यांना म्हणावं... मूठ सोडा. काच गेलीय अंगठ्यात."

"कोण दारामागे?" आईनं विचारलं.

त्यानं मूठ उघडली. रक्त...

फोनचा मागचा भाग त्याच्याकडे होता. मध्ये भिंत होती. अंधार होता.

दोन वाजून चार मिनिटांनी पडदा काळा झाला.

ताईंना वाटलं, याचंच काहीतरी जमून आलं. त्या हात जोडून रडल्या. आणि हा... विझलेल्या राउटरकडे बघत उभा.

पहाटे त्या स्कूटरवरून मोठ्या रस्त्यावर गेल्या, रेंजमध्ये. तिथं नर्सचे निरोप एकामागून एक आले. एक एकोणपन्नासला कॉल तुटला. एक पन्नासला भाऊ गेला. आत न्यायलाही मिळालं नाही. त्यानंतर नर्सनं सात वेळा फोन लावला होता, एकही लागला नव्हता.

परत येऊन त्या आईच्या उशाशी नुसत्या बसल्या. आईच म्हणाली, "सांगू नकोस. त्यानंच सांगितलं मला."

तारमास्तर आठ वाजता मशीन घेऊन आला. तार आणखी कुठं तडकलीय का, हे बघायला आमच्याकडे लाल उजेडाची बॅटरी असते. एका टोकातून उजेड सोडायचा. जिथं तुटलंय तिथं लाल ठिपका दिसतो, त्यापुढे काळोख. त्यानं बाहेरून उजेड सोडला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला. तुटक्या टोकाला ठिपका नव्हता.

"अहो," ताईंनी मागच्या खोलीतून हाक मारली. "हे काय आहे?"

आईच्या उशाच्या वर, भिंतीत, मोहरीएवढा लाल ठिपका.

त्या भिंतीत तार नव्हती. कधी घातलीच नव्हती. त्यानं नखानं चुना खरवडला, मग पेचकसानं. खाली सलग वीट. ठिपका विटेत.

तो बाहेर गेला. बॅटरी बंद केली. खिशात टाकली.

परत आला.

ठिपका तसाच होता.