चेहऱ्याला कुलूप, किल्ली गोळीत

मोटार शिकवणाऱ्या बाई स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर येऊन बसल्या, तर शेजारचा गृहस्थ अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आत चांगलेच विचार करा हं. डोक्यात येईल ते पडद्यावर दिसतं."

बाई चपापल्या. सकाळपासून त्या मनातल्या मनात वहिनीचा उद्धार करत होत्या! वहिनी इथली नर्स, आणि तिनेच त्यांना भरीला पाडलं होतं. एका अभ्यासासाठी कंपवाताच्या पेशंटच्या मेंदूचं चित्र त्याच वयाच्या धडधाकट माणसाच्या चित्राशेजारी ठेवून बघायचं होतं. इथे त्याला सरळ 'जोडी' म्हणत. आणि बाईंची पन्नाशी नेमकी या गृहस्थाशी जुळली होती.

वहिनी खिदळली. "वन्सं, हे किल्लीवाले, यांचं कुलपांचं दुकान आहे. गंमत करतायत. रात्रीपासून गोळ्या बंद आहेत ना, म्हणून चेहरा आखडलाय."

"चेहऱ्याला कुलूप लागलंय," किल्लीवाले सपाट, बारीक आवाजात म्हणाले. "किल्ली गोळीत आहे." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. "आमच्या आईनं हयातभर स्थळं शोधली हो... जोडी जुळवली शेवटी दवाखान्यानं."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा दगडाचा. पण डोळे... डोळ्यांत वांडपणा नुसता उड्या मारत होता. बाईंनी उगाच केस कानामागे सारले.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि मशीनचं अरुंद भोक दिसलं. डोकं आत घालून गुपचूप पडायचं म्हणे. नवशिक्यांच्या शेजारी बसून भर रहदारीत आयुष्य काढलेल्या बाई चटकन बाकावरून उठल्या. त्या वहिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, मला नाही जमायचं, मी निघते.

वहिनी कुजबुजली. तुम्ही गेलात की जोडी मोडली, त्यांचा स्कॅनही वाया. मागच्या वेळी त्यांचे पाय दारातच खिळले, ओढाताणीत ते दमले, मग आत डोकं हललं. आज शेवटची संधी. रात्रभर त्यांना कूस बदलता आली नाही, तरी हट्टाने आलेत.

किल्लीवाल्यांचे कान मात्र तिखट होते. "जा तुम्ही खुशाल," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल वाईट विचार करणार नाही. पडद्यावर दिसेल ना."

मग त्यांचाच नंबर लागला. ते कुणाचा हात न घेता उठले, दारापर्यंत गेले... आणि थांबले. पाय जणू फरशीला चिकटले. वहिनी दंड धरायला धावली.

"ओढू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज आपोआप धंद्यातला लागला. "पायाकडे बघू नका. समोर बघा. क्लच दाबा... पहिला गिअर... आता डावा पाय हळूच सोडा..."

डावा पाय सुटला. मग उजवा. उंबरा मागे पडला.

"हॉर्न वाजवू?" आतून सपाट आवाज आला.

थोड्या वेळाने स्कॅनवाल्याने बाहेर येऊन सांगितलं, एकही चित्र हललेलं नाही. हाताखालचा सगळ्यात घाबरट विद्यार्थी लायसन्स घेऊन यावा, तसा बाईंचा ऊर भरून आला. "जोडीदार आहेत माझे," त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं, आणि मग कानापर्यंत लाल झाल्या.

वहिनीने बाहेर आलेल्या किल्लीवाल्यांना गोळी दिली.

"कुलूप कधी उघडेल?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही आत जाऊन येईपर्यंत."

"मग हसून दाखवायचं. बघायला येतेय मी."

आणि बाई आत गेल्या. मशीन कानाशी धडाधडा आपटत होतं, आणि बाईंच्या डोक्यात जे काही चाललं होतं ते खरंच पडद्यावर दिसलं असतं, तर वहिनीने घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या मान ताठ ठेवून बाहेर आल्या. किल्लीवाले उभे होते. हसू आधी ओठाच्या एका कोपऱ्यात आलं, जरा अडखळलं... आणि मग चेहराभर पसरलं. बाई बघतच राहिल्या.

"केलेत ना वाईट विचार?"

"तुमचेच केले," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग किल्लीवाले म्हणाले, "आता हसतोय म्हणून गंमत समजू नका. तुम्हाला रोज भेटावंसं वाटतंय. पण हे कुलूप पुन्हा पुन्हा लागणार... तेही आत्ताच सांगून ठेवतो."

"लागू दे. डोळे उघडेच असतात तुमचे."

दोघं निघाले. बाहेरच्या दारात किल्लीवाले एकदम थांबले. बाई लगेच त्यांच्या शेजारी सरकल्या. "समोर बघा," त्या हळूच म्हणाल्या. "क्लच दाबा... पहिला गिअर..."

"पाय ठीक आहेत हो," ते म्हणाले. "आवाज ऐकायचा होता."

बाईंनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, आणि हात तिथेच राहू दिला.

"गाडी तुम्हीच चालवा," त्या म्हणाल्या. "पण शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आमच्याकडे... लक्षात ठेवा."