मातीचे कान

टायरच्या दुकानामागे आमचं चित्रदालन आहे. पांढऱ्या भिंतींच्या खोल्या, मागे पत्र्याखाली भट्टी. मनाच्या आजारातून गेलेल्यांची कामं इथे मांडतात. चिठ्ठीवर नाव आणि साहित्य एवढंच. आजार लिहायचा नाही, हा नियम. भट्टी मी सांभाळते.

माझी ताई इथे कान करते. मातीचे, खऱ्या मापाचे. पूर्वी तिच्या डोक्यात माणसं राहायची, भाड्याशिवाय, आणि दिवसरात्र बडबडायची. ती जागी, म्हणून मी जागी. उभ्या उभ्या पेंगायला मी तेव्हाच शिकले. पहिला कान भाजून निघाला आणि ताई झोपली. उठल्यावर म्हणाली, "ऐकायचं काम वाटून दिलं गं, धाकटे." डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. मला दोन्ही पटलं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं.

एकदा फळीवरचे कान पुसताना मी पुटपुटले, की जेवलीस का म्हणून मलाही कुणी विचारावं. घरी ताईने दार उघडलं ते तेच विचारत. बहीणच ती, विचारणारच. मग दालन चालवणाऱ्या बाईंनी गळक्या छतावरून सुताराला झापलं, आणि दिवसभर घरात असलेल्या ताईने त्यांचा ठसका हुबेहूब करून दाखवला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझं हसू आधी थांबलं.

तरी ताई झोपत होती. मी फळीवरचे कान पुसत राहिले.

प्रदर्शनात एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, मऊ बोलणं. सगळे लोक मातीचा कान शंखासारखा आपल्या कानाला लावून बघतात. यांनी एक उचलून ओठांशी नेला. मग म्हणाले, हाच द्या. बाईंनी कागदात गुंडाळून दिला. ताईची पहिली विक्री म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून ताईची झोप उडाली. जुनी माणसं परत आली का, मी विचारलं. नाही म्हणाली, एकच आहे, हळू बोलतो.

"काय बोलतो?"

"माझ्याशी नाही गं. तिथे कुणी लहान आहे. तिला म्हणतो, रडून दार उघडत नसतं."

डॉक्टरांनी गोळी वाढवली. बाईंकडे त्या गृहस्थांचं नाव नव्हतं, पत्ता तर नाहीच. मी ताईला विनवलं, सोड, नको ऐकूस, तू झोप. तिचे डोळे विझल्या चुलीसारखे झाले होते.

"मी झोपले तर तिचं कोण ऐकेल?"

काल सकाळी ती खिडकीशी बसली होती.

"आज ती बोलली, धाकटे. तोंड अगदी जवळ आणून. म्हणाली, कुणी आहे का."

"मग?"

"कानाने कसं बोलायचं?"

भट्टीशी येऊन तिने माती मागितली. दुपारपर्यंत ओठ केले. किंचित उघडे, बाळाला थोपटताना आईचे असतात तसे.

तडकू नयेत म्हणून मी त्यांवर ओलं फडकं टाकलं.

वळून पाहिलं तर ताई खुर्चीतच गाढ झोपली होती. मान कलंडलेली, तोंड मिटलेलं.

फडकं मधोमध आत ओढलं गेलं. मग हलकेच वर आलं.

मी ताईला उठवलं नाही.