निळा कागद चुकत नाही

"मावशीचा बिल्ला काढून घेणार? हा कोण टिकोजीराव लागून गेला!" तिखीने चप्पल दाणकन आपटली. पोरीचं नाव वेगळंच होतं, पण या जिभेला तिखीच शोभायचं.

सुट्टीत तिघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी अठरा वर्षं बंदरावर वाटाडी, पाहुण्यांना बेटं दाखवणारी. आणि माहिती-खिडकीवरच्या बाबूने वर कळवलं होतं, ही बाई माणसांना मुद्दाम जुन्या धक्क्यावर पाठवते, म्हणजे बोट चुकते आणि हिच्या ओळखीच्या होडीवाल्याचं फावतं! चौकशीला वरच्या कचेरीतल्या मोठ्या बाई दहा वाजता यायच्या होत्या.

"खोटारडा मेला!" ढब्बू म्हणाला. "पण ताई, माणसं तिथे जातात हे खरंय. आत्ताही एक आजी-आजोबा बसलेत."

"चला!"

जुना धक्का म्हणजे कुजक्या फळ्या, सावलीचं नाव नाही. म्हातारी दोघं पिशव्यांवर बसून घामाने निथळत होती. बोट कधीच गेली होती. आजोबांच्या हातात शहराच्या माहितीचा हिरवा कागद. शहरात चार भाषांची माणसं, म्हणून कागदही चार रंगांचे.

"हिरवे चुकतात, पिवळे चुकतात, गुलाबीसुद्धा!" धाकटी चिमणी ओरडली. "मी रोज बघते. निळेवाले कधीच चुकत नाहीत!"

तिघं धावत खिडकीशी आली. बाबू चहाला गेलेला. निळ्या कागदावरच्या जुन्या नकाशावर एक चिठ्ठी डकवली होती: 'बोट आता बाजारामागच्या नव्या धक्क्यावरून.' बाकीच्या रंगांवर काही नाही!

"ताई, हे बघ!" ढब्बू टेबलाखाली शिरला होता. टेबलाच्या आखूड पायाखाली बाकीच्या भाषांतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, सुतळीसुद्धा न सोडलेली!

तिखीचे कान तापले. "थांब, काढू नकोस. बाबू उलट आपल्यावरच ढकलेल. मोठ्या बाईंनाच कागद घेऊन चालू दे."

दहाला मोठ्या बाई आल्या. मावशी ताठ उभी होती, हात मात्र बिल्ल्यावर.

"बाई, मावशीला विचारू नका, आम्हालाही नको," तिखी म्हणाली. "निळा सोडून तुम्हाला वाचता येईल तो कागद घ्या आणि त्यावरून बोटीपर्यंत चालून दाखवा!"

"ए कार्टे, चालती हो!" बाबू खेकसला.

पण बाईंनी हिरवा कागद उचललाच. चालत चालत थेट कुजक्या फळ्यांपाशी! पिशव्यांवरच्या आजोबांनी आपला हिरवा कागद त्यांच्यापुढे धरला. बाई तशाच माघारी फिरल्या. खिडकीशी येताच ढब्बूने टेबलाखाली खूण केली, बाईंनी स्वतः वाकून गठ्ठा ओढला आणि टेबल कलंडलं!

"मला... मला त्या भाषा वाचता येत नाहीत," बाबू चाचरला. "म्हटलं, नंतर करू. मग तक्रारी आल्या, तेव्हा मावशीचं नाव पुढे केलं."

"वाचता येत नाही म्हणून चिकटवताही येत नाही?" बाई कडाडल्या. "मावशी, तुमचा बिल्ला राहील."

"राहील काय, माझाच आहे!" मावशी म्हणाली. "ज्या तोंडाने मला लबाड म्हणाला, त्याच तोंडाने चार माणसांत चूक कबूल करू दे!"

बाबूने केली, मान खाली घालून. मग खळीचं भांडं घेऊन चिठ्ठ्या चिकटवायला बसला.

"पोरं हुशार आहेत तुमची," बाई म्हणाल्या.

"हुशार कसली, भोचक आहेत! पण आज भोचकपणाचं सोनं केलं हो!" मावशीने तिघांना कवेत घेतलं. "काय गं तिखे, राग गेला का?"

"नाही!"

"असू दे. आधी आजी-आजोबांच्या पिशव्या उचल. पुढची बोट गाठायचीय, मग हवं तेवढं चीड!"