एकाले एक

मी वडशाच्या धानगिरणीत मापाडी. काट्यावर चढल्याशिवाय मी कोणतीही गोष्ट मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ चैतू, बावीस वर्षांचा घोडा, पण चित्रांचं भारी वेड. एक आण्याच्या चहापुडीत तेव्हा खेळाडूचं रंगीत चित्र निघायचं. लाल लंगोटातले पैलवान, हिरव्या मैदानावरचे हॉकीवाले. पूर्ण संच चोवीसचा. एकच चित्र दोनदा आलं की जादा घेऊन तो शफी टेलरकडे जायचा आणि बदलून आणायचा. "एकाले एक, कमी ना जास्त," हा त्याचा नेम. चैतू डावखुरा. जेवताना डावा हात पुढे आला की माय पळीनं त्याच्या मनगटावर हळूच मारायची.

छप्पन सालच्या पुरात वैनगंगेत डोंगा उलटला. चैतू सापडलाच नाही. मागे राहिला त्याचा पत्र्याचा डबा. त्यात एकोणीस निरनिराळी चित्रं आणि चार जादा.

दिवाळीनंतर मी डबा उघडला, तर एक जादा पैलवान गायब. त्याच्या जागी बारा नंबरचा हॉकीवाला, जो आमच्याकडे कधीच नव्हता. चित्र ओलं होतं. गाळाचा वास येत होता.

शफीभाईला विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता तो थांबला. "मुखरूभाऊ, चैतू गेला तवापासून मी कोनासंगं चित्र बदललो नाई."

मी डब्याला कुलूप घातलं, चावी कमरेच्या करगोट्याला बांधली. तरी महिनाभरात उरलेली तिन्ही जादा चित्रं गेली आणि तीन नवी आली. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. भाऊ कुठंतरी आहे आणि शब्दाला पक्का आहे.

"आता काय देशीन त्याले?" माय विचारायची.

"जादा काईच नाई उरलं. एक चित्र कमी हाय, राहू दे."

जत्रेत काढलेला आम्हा दोघा भावांचा एकच फोटो घरात होता. एका दुपारी गिरणीतून आलो, तर तो भिंतीवर दिसेना. माय चुलीपाशी बसली होती. शेजारी कात्री. चैतूचा अर्धा तुकडा तिनं छातीशी धरला होता.

"माहा फोटो कुठी हाय, माय?"

"डब्यात." सकाळी आंघोळीला जाताना मी चावी सोडून ठेवली, तेवढ्यात तिनं डबा उघडून पुन्हा बंद केला होता. "एकाले एक, मुखरू. मले तो पाह्यजे होता रे." ती रडायला लागली.

मी जिवंत समोर उभा होतो, आणि तिनं मला देऊन टाकलं होतं.

कुलूप काढलं. माझा फोटो नव्हता.

वर चोविसावं चित्र होतं. ओलं.

मायनं डोळे पुसले, ताट वाढलं. भात आणि अंबाडीची भाजी. मी जेवायला बसलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पळी उचलून हळूच माझ्या मनगटावर मारली.

मी खाली बघितलं. घास डाव्या हातात होता.